मडक्यातलं लेकरू

आईला मी त्या प्रदर्शनाला नेलं ते एवढ्याचसाठी की हिवाळाभर घरात बसून ती वैतागली होती. जुनवानीच्या एका कॉलेजात जुन्या काळच्या अंत्यसंस्कारांवर प्रदर्शन लागलं होतं. स्मृति नगरातल्या आमच्या घरापासून ई-रिक्षाने जवळच. बाबांनाही मी विचारलं होतं. ते अंगणात उन्हात खुर्ची टाकून पेपर वाचत होते. मान वर न करता म्हणाले, "मढे पाहायले कोन जाते बाप्पा. तुमी मायलेकीच जा."

बाबा इथल्या पोलाद कारखान्यात, प्लांटच्या टाइम ऑफिसात क्लार्क होते. लग्न होऊन आई वर्धेकडून थेट इथे, या हिंदी मुलखात आली आणि मग इथलीच झाली. मी सगळी नोकरी दवाखान्याच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये केली. रक्त, लघवी, गाठीचे तुकडे यांतच माझी वर्षं गेली. त्यामुळे हाडं पाहून मला काही वाटेल अशी धास्ती नव्हती, आणि आई तशीही कशाला घाबरत नाही.

हॉलच्या दारातच प्लायवूडची एक ममी उभी केलेली होती. इजिप्तची असते तशी, पट्ट्या गुंडाळलेली, आणि तोंडाच्या जागी भोक. मागून जाऊन त्या भोकात आपलं तोंड घालायचं आणि फोटो काढायचा. बाजूला पाटी: 'बनिए ममी'. पोरांची रांग लागली होती. गळ्यात स्वयंसेवकाचा बिल्ला घातलेली एक मुलगी आईला म्हणाली, "अम्मा जी, आप भी ट्राय कीजिए ना, बहुत क्यूट आएगा."

आई म्हणाली, "नाई वो बाई," आणि आत शिरली. चिडले ती मी. ऐंशीच्या घरातल्या बाईला मढं होऊन दाखव म्हणणं यात गोड काय आहे, हे मला अजून कळलेलं नाही.

आत मात्र बरंच काही होतं. आपल्याच बाजूचे, बालोदकडचे फोटो होते. उभे केलेले मोठमोठे दगड, दगडांची वर्तुळं, आणि त्यांच्याखाली पुरलेली माणसं. पुढे पश्चिम महाराष्ट्रातल्या एका नदीकाठच्या वस्तीचा भाग होता. ती वस्ती हजारो वर्षांपूर्वीची, मातीच्या भिंतींच्या घरांची. तिथले लोक आपली मेलेली माणसं घराच्या जमिनीतच पुरत. एका मोठ्या माणसाच्या सांगाड्याचं चित्र होतं, त्याला घोट्याखाली पाय नव्हते.

आईने विचारलं, "याचे पाय कावून तोडले?"

मी पाटी वाचून सांगितलं. मेलेल्याने घर सोडून भटकत जाऊ नये म्हणून पाय तोडत असावेत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

"म्हंजे जाऊ नये म्हून," आई म्हणाली. "आपन तर लवकर जा म्हनतो."

मग आम्ही त्या टेबलाशी आलो. काचेच्या पेटीत हाताने घडवलेले, राखाडी रंगाचे दोन घट आडवे ठेवले होते, तोंडाला तोंड लावून. एकाची बाजू अलगद कापून काढली होती, आतलं दिसावं म्हणून. आत मातीत रुतलेली हाडं होती. फुटलेल्या बांगडीच्या तुकड्यांसारख्या बरगड्या. कवटीचे पातळ पापुद्रे. बाजूला तोटी असलेली इवलीशी वाटी, दूध पाजायच्या बोंडल्यासारखी. पुढ्यातल्या पाटीवर 'नमुना', पुढे एक क्रमांक, आणि 'अर्भक, लिंग अज्ञात'.

काचेवर कोणीतरी चिप्सचं अर्धं पाकीट ठेवून दिलं होतं. दोन पोरं पेटीच्या दोन बाजूंना वाकून, गाल फुगवून, एकमेकांचा व्हिडिओ काढत होती. एक म्हणत होता, "देख भाई, मटके में बेबी, मटका बिर्यानी." दोघं हसली. ती मघाची बिल्लेवाली मुलगीही हसली.

आईने आपला हात पुढे करून ते पाकीट काचेवरून उचललं आणि त्या पोराच्या हातात दिलं. मग घटाकडे बोट करून मुलीला विचारलं, "हे कोनाचं लेकरू होय?"

मुलीला मराठी कळलं नसावं, पण बोट कुठे आहे ते कळलं. "अम्मा जी, ये स्पेसिमेन है. ओरिजिनल है, रेप्लिका नहीं."

"आई विचारून राहिली, की मूल कोणाचं आहे," मी हिंदीत सांगितलं.

"वो तो पता नहीं, आंटी. घर के अंदर गाड़ते थे, चूल्हे के पास. छोटे बच्चों को ऐसे दो मटकों में."

"घरातच?" आईने मला विचारलं.

"हो. चुलीजवळ, जमिनीखाली."

आई त्या पेटीसमोर उभी राहिली. मागून लोक येत होते, बाजूने वाकून फोटो काढत होते, पुढे जात होते. ती हलेना. बसायला तिथे काही नव्हतं. शेवटी मीच तिला दंडाला धरून बाहेर आणलं. प्लायवूडच्या ममीच्या भोकात तेव्हा कुणीतरी जीभ काढून उभं होतं.

रिक्षात बसल्यावर आई म्हणाली, "त्याच्या मायनं नेऊच देल्लं नसन."

माझ्या आधी एक मुलगा झाला होता आणि तो गेला, एवढं मला ठाऊक होतं. आमच्या घरात ते एका वाक्यात सांगितलं जाई आणि त्या वाक्याच्या पुढे कोणी जात नसे. त्या दिवशी स्मृति नगर यायच्या आतच आईने पुढचं सांगितलं. रिक्षावाल्याने गाडी आमच्या फाटकाशी उभी केली तरी ती उतरेना, बोलत राहिली. तोही बिचारा गाडी बंद करून थांबला.

आई-बाबा तेव्हा रुआबांध्याच्या बाजूला प्लांटच्या क्वार्टरमध्ये राहत. बाळ सव्वा महिन्याचंही झालं नव्हतं. ताप आला आणि उतरलाच नाही. सकाळी ते गेलं. माझी आजी, म्हणजे बाबांची आई, बाळंतपणासाठी गावाहून आलेली होती. तिने आईला आतल्या खोलीत बसवलं आणि दार ओढून घेतलं. पान्हा फुटू नये म्हणून आईच्या छातीला करकचून लुगड्याचा पदर बांधला. बाहेरच्या खोलीत शेजारच्या क्वार्टरांतली माणसं जमली होती. आईला त्यांचे आवाज ऐकू येत होते. मग चपलांचे आवाज आले, मग फाटकाची कडी.

"मले पाहू देल्लं नाई," आई म्हणाली. "मी म्हनलं, एकदा हातात द्या. तर म्हने, ओली बाळंतीन अशी मातीले शिवत नाई. माती, म्हने. आताच तर थे माह्या मांडीवर होतं."

"कुठे नेलं, ते?"

"विचारलं ना मी. संध्याकाळी विचारलं. तुही आजी म्हने, ह्या गोष्टी विचारू नये. मायनं जागा विचारली का पुढचं लेकरू टिकत नाई. मंग तुह्या येळी दिवस गेले. मंग कशी विचारू?"

मी रिक्षाचे पैसे दिले, तिला उतरवलं, घरात नेलं. बाबा तसेच उन्हात बसले होते. "कसं होतं?" त्यांनी विचारलं. "चांगलं होतं," आई म्हणाली आणि आत गेली.

माझ्या अंगाची आग होत होती. माझ्यासाठी, म्हणजे मी टिकावी म्हणून, ही बाई पन्नासाहून जास्त वर्षं एक प्रश्न गिळून बसली होती. मी टिकल्यावरही ती विचारू शकली असती. पण तोवर न विचारण्याची सवय झाली होती आणि सांगणारेही कोण उरले होते. आजी कधीच गेली. बाबांसमोर तो विषय काढायचाच नाही, असा घरचा रिवाज होता. ती चपला घालून गेलेली माणसं रिटायर होऊन आपापल्या गावी परतली. ज्यांच्यावर ओरडावं असं कोणी समोर नव्हतंच. मग माझा सगळा राग त्या चिप्सच्या पाकिटावर आणि 'नमुना' या शब्दावर गोळा झाला, आणि तो राग चुकीचा होता असं मला आजही वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजात जाऊन प्रदर्शन भरवणाऱ्या विभागाच्या प्रमुखांना भेटले. मध्यमवयीन, मऊ बोलणारा गृहस्थ. त्यांनी चहा मागवला. मी पेटीचं नाव काढताच ते खुर्चीत पुढे सरकले.

"किसी समाज की भावना को ठेस पहुँची है क्या, मैडम?"

मी म्हटलं, कोणत्याही समाजाची नाही. मी एकटी आले आहे. मला तीन गोष्टी हव्यात. त्या पेटीपाशी फोटो आणि खाणं बंद करा. समोर एक खुर्ची ठेवा, कुणाला बसून पाहावंसं वाटलं तर. आणि पाटीवर एवढं लिहा की हे एक तान्हं मूल आहे, त्याच्या घरच्यांनी त्याला आपल्या घरात, चुलीजवळ पुरलं होतं.

ते हसले. "मैडम, ये साइंटिफिक लेबल है. इमोशन थोड़ी लिख सकते हैं."

माझा आवाज चढला. मी त्यांना सांगितलं की माझी सगळी नोकरी लॅबमध्ये गेली. रक्ताची एकेक बाटली हातातून गेली आणि प्रत्येकीवर माणसाचं नाव असायचं. नाव नसलेली बाटली आम्ही तपासायला घेतच नसू, परत पाठवत असू. तुम्हाला नाव ठाऊक नाही, कबूल. पण ते मूल होतं, त्याला कोणी तरी पुरलं, दूध पाजायची वाटी जवळ ठेवली, हे तर तुमच्याच लोकांनी खणून, मोजून शोधून काढलंय. मग तेवढंच लिहायला तुम्हाला लाज का वाटते? यात भावना कुठली? ही माहितीच आहे.

"आप सही कह रही हैं," ते म्हणाले. "हम देख लेंगे."

'हम देख लेंगे' हे मी दवाखान्यात इतक्या वेळा ऐकलंय की मला तिथेच कळायला हवं होतं.

आई मात्र माझ्या मागे लागली होती. तिला पुन्हा जायचं होतं. "येकदा निवांत पाहीन," म्हणाली. तिने इस्त्रीचं पातळ नेसलं, जणू कोणाकडे बारशाला निघाली आहे. आम्ही गेलो तर प्लायवूडची ममी दारात तशीच होती, रांगही तशीच होती, आणि ते टेबल रिकामं. पेटी नाही, घट नाहीत, वाटी नाही. टेबलावर पांढरी चादर आणि तिच्यावर कागद: काही कारणाने ही वस्तू हटवण्यात आली आहे.

मी सरळ त्यांच्या खोलीत गेले. आईही माझ्या मागे आली.

"हे काय केलंत?"

"मैडम, आपने ऑब्जेक्शन लिया था. कल को कोई संगठन आ जाए, हल्ला हो जाए... हमने रिस्क नहीं लिया."

मी काढायला सांगितलं नव्हतं, हे मी त्यांना किती प्रकारे सांगितलं ते आता आठवत नाही. मी नीट ठेवा म्हटलं होतं. नीट ठेवणं एवढं अवघड का वाटावं? टिंगल करायला जागा आहे, झाकून टाकायला जागा आहे, पण एका म्हाताऱ्या बाईने खुर्चीवर बसून पाहायला जागा नाही. बाहेरच्या टेबलांवरची पोरं आत डोकावायला लागली होती. ते सारखे "मैडम, प्लीज" म्हणत होते.

आई मधेच बोलली, मराठीतच. "कुठी ठेवलं थे लेकरू?"

मी हिंदीत सांगायची गरज पडली नाही. त्यांनी ड्रॉवरमधून किल्ली काढली.

कॉरिडॉरच्या टोकाला स्टोअर रूम होती. कुस्तीच्या गाद्या, जुने स्पीकर, गणतंत्र दिवसाच्या झेंड्यांच्या काठ्या. जमिनीवर, सीलिंग फॅनच्या खोक्यात, वर्तमानपत्रांचे बोळे कोंबून ते घट ठेवले होते. काचेची पेटी वेगळी, भिंतीला टेकवलेली. खोक्यावर अजून पंख्याचं चित्र होतं.

विभागप्रमुखांनाही ते खोकं आमच्या देखत पाहून कसंसं झालं असावं. "स्टाफ ने रख दिया," ते म्हणाले. मग स्वतःच खाली बसले, वर्तमानपत्रं काढली आणि तो कापलेला घट फार सांभाळून उचलून एका बाकावर ठेवला. त्यांचे हात त्या कामात तरबेज होते हे दिसत होतं. आईसाठी त्यांनी प्लास्टिकची खुर्ची आणवली.

आई बसली. तिने हात जोडले नाहीत, डोळे पुसले नाहीत. नुसती पाहत राहिली, बाळाला दृष्ट लागली आहे का ते पाहावं तशी.

"पोरगा होता का पोरगी?" तिने विचारलं.

मी हिंदीत विचारलं. ते म्हणाले, "माँ जी, इतने छोटे बच्चे की हड्डी से पता नहीं चलता."

"त्याच्या मायले मालूम असन," आई म्हणाली.

हे मी त्यांना हिंदीत सांगितलं. त्यांनी तो घट बाकावर थोडा आत सरकवला. मग म्हणाले की घट पुन्हा बाहेर ठेवायची त्यांची हिंमत नाही, वरून परवानगी घ्यावी लागेल, तोवर प्रदर्शन संपेल. पण पेटीत घालून आपल्या खोलीत कपाटावर ठेवतील, जमिनीवर राहू देणार नाहीत. तसं त्यांनी आमच्या समोर केलं. पाटीवर काय लिहिणार ते मी विचारलं तेव्हा त्यांनी विषय बदलला. ते घट पुढे जिथून आले होते तिथे परत गेले, आणि माझी खात्री आहे की त्याच क्रमांकाने गेले.

घरी आल्यावर आईने चहा केला. बाबांच्या हातात कप देऊन ती त्यांच्यासमोर बसली. एरवी ती चहा स्वयंपाकघरातच पिते.

"आपल्या पहिल्या लेकराले कुठी ठेवलं तुमी?" तिने विचारलं.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी उठले नाही.

"आता हे काय काढलं?"

"सांगा ना. मी न विचारताच मागं येकदा तुमी म्हनलं होतं, चांगल्या जागी ठेवलं, झाडाखाली. कोनतं झाड? कोनतीकडं?"

बाबांनी कप खाली ठेवला. त्यांना राग येईल असं मला वाटलं होतं आणि मी त्या रागाची वाट पाहत होते, निदान कोणाशी तरी भांडता आलं असतं. पण ते म्हणाले, "मले नाई मालूम."

"म्हंजे?"

"मले नेलंच नाई त्याईनं. नाल्याच्या अलीकडं चौक होता, तिथीच थांबवलं. म्हने, पयल्या लेकराले बापानं माती देऊ नये. मी तिथी उभा राह्यलो. थे लोकं वापस आले, मंग मी बी आलो. झाड-बीड मी पायलं नाई."

"मंग झाडाचं कावून सांगतलं?"

"तुले बरं वाटावं म्हून."

आई उठून आत गेली. पुढे काही दिवस ती बाबांशी बोलली नाही. जेवण वाढायची, गोळ्या काढून द्यायची, पण शब्द नाही. मला तर दोघांचीही बाजू घेता येईना. एकीला आतल्या खोलीत कोंडलं, दुसऱ्याला चौकात उभं केलं, आणि दोघांना सांगणाऱ्यांनी हे तुमच्या भल्यासाठी म्हणून सांगितलं. मग त्यांचं लेकरू ज्यांनी नेलं, त्या परक्या माणसांना काय आठवणार होतं? माझ्या डोळ्यांसमोर ती जुनी वस्ती येत राहिली. तिथली बाई रोज त्या जमिनीवरून वावरत असेल, तिथेच स्वयंपाक करत असेल. शहाणपण कोणाचं म्हणायचं?

एका सकाळी मी अंगणात कपडे वाळत घालत होते. बाबा खुर्चीवर होते. आई मेथी निवडायला घेऊन त्यांच्या शेजारी पायरीवर बसली आणि खाली बघतच तिने विचारलं, "अंगावर काय होतं त्याच्या? चौकापर्यंत तं तुमच्याचजवळ होतं ना?"

"माह्याच हातात होतं," बाबा म्हणाले. "निळी टोपी होती. लोकरीची. तुह्या मायनं इणलेली."

"कानावर होती?"

"हाव. मी ओढून देल्ली होती कानावर. डिसेंबर होता."

आईने मेथीची काडी मोडली. मग तिने एक नाव घेतलं. बारसं झालं नव्हतं, त्यामुळे ते नाव कोणालाच ठाऊक नव्हतं, बाबांनाही नाही. तिने मनाशी ठरवून ठेवलं होतं. बाबांनी ते एकदा स्वतःच्या तोंडाने म्हणून पाहिलं. ते नाव मी इथे लिहिणार नाही, ते त्यांचं आहे.

त्या दोघांचं त्या सकाळी मिटलं. जेवायला बसल्यावर बाबांनी भाजीत मीठ जास्त झालं म्हणून कुरकुर केली आणि आईने त्यांना नेहमीसारखं सुनावलं. माझं मिटलेलं नाही. रुआबांध्याकडून जाताना नाल्याच्या पलीकडची घरं, कुंपणं, उभ्या केलेल्या गाड्या दिसतात, त्यांतल्या कशाखाली ते लेकरू आहे हे सांगणारं कोणी नाही, आणि माझी मूठ आवळली जाते.